टाळ्या संपल्यावर

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, 1944 साली, अमेरिकेत ‘फोर जिल्स इन अ जीप’ नावाचा संगीतपट निघाला. के फ्रान्सिस, कॅरोल लँडिस, मार्था रे आणि मिट्झी मेफेअर या चार नट्या त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत. 1942च्या अखेरीस या चौघी खरोखरच घरदार सोडून इंग्लंडला आणि तेथून उत्तर आफ्रिकेला सैनिकांपुढे गाण्या-नाचण्यास गेल्या होत्या. त्याच प्रवासाची ही कथा. जिमी डॉर्सीचा वाद्यवृंद, बेटी ग्रेबल व कार्मेन मिरांडा यांची हजेरी, थोडा चिखल, थोडे प्रेम आणि पुष्कळ हशा. शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो आणि पडदा पडतो.

परंतु आमच्या मते खरी कथा पडदा पडल्यावरच सुरू होते. ज्यांनी दुसऱ्यांचे दुःख घटकाभर हलके केले, त्यांचे पुढे काय झाले?

या चौघींपैकी कॅरोल लँडिसने त्या दौऱ्यावर पुस्तक लिहिले, त्यावरूनच चित्रपट निघाला. पण 1948 साली, अवघ्या 29व्या वर्षी, तिने स्वतःच आपले जीवन संपविले. मार्था रे मात्र पुढे कोरियात गेली आणि व्हिएतनाममध्ये तर पुनःपुन्हा गेली. तेथे ती गायली, सैनिकांना हसविले आणि वेळ पडली तेव्हा जखमींची शुश्रूषाही केली. 1993 साली तिला राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. 1994 साली ती वारली तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅगच्या लष्करी दफनभूमीत तिला सैनिकांच्या शेजारी जागा देण्यात आली. देशाने तिची आठवण ठेवली, पण त्यालाही पन्नास वर्षे लागली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. तमाशाला फौजेच्या छावण्यांतच आश्रय मिळाला व तो तेथे वाढला, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे शिपायाची करमणूक ही आपल्या कलेला नवी गोष्ट नाही. 1935 साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर या भाऊ-बापूंच्या फडाच्या वारसदार. 1962च्या भारत-चीन युद्धाच्या काळात त्या आपला फड घेऊन जवानांसाठी सरहद्दीवर गेल्या. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू होताच पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदा, 1957 व 1990 साली, गौरव झाला. तरीही त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. 2002 साली त्या वारल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल भागविण्यास दात्यांना पुढे यावे लागले. त्यानंतर 2006 साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार योग्यच आहे. परंतु विठाबाईंना औषधाची गरज होती तेव्हा त्यांच्या नावाची एवढी आठवण कोणाला झाली नाही, हे आम्ही विसरू शकत नाही.

वाचक बंधुभगिनींनो, हे आम्ही आज का लिहीत आहोत? कारण ही गोष्ट आपल्याही अंगणातली आहे. आपल्या पूर्वजांनी कोकणातून या बेटावर येताना फार थोडे सामान आणले, पण झाकरी आणली. दिवसभर उसाच्या शेतात राबून रात्री ढोलकीच्या तालावर फेर धरणाऱ्या त्या माणसांनी आपल्या घरांत मराठी जिवंत ठेवली. मोठमोठ्या सभांतून जे साधले नसते, ते त्यांनी फेरातून साधले.

आज गणेश चतुर्थीला आपण काय करतो? पाहुण्यांची लांबलचक भाषणे होतात, हार-तुरे होतात, आणि मग उरलेल्या वेळात झाकरीची मंडळी उभी राहतात. त्यांना टाळ्या मिळतात, प्रसाद मिळतो, आणि ती अंधारात आपापल्या घरी जातात. त्यांच्यातील म्हातारा गायक पुढल्या वर्षी आला नाही, तर तो का आला नाही हे विचारावयास कोणी जात नाही. त्याच्याबरोबर त्याची गाणीही जातात.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक मंडळाने उत्सवाच्या वर्गणीतून ठरावीक वाटा वृद्ध कलावंतांसाठी बाजूला काढावा. मराठी शिकणाऱ्या मुलांना त्यांच्यापाशी बसवून गाणी वहीत उतरवून घ्यावी व ध्वनिमुद्रित करावी. आणि कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत झाकरीच्या प्रमुखाचे नाव छापावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी सरकारच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही.

अमेरिकेच्या राजधानीजवळील हर्नडन असो की आपले कास्काव्हेल असो, मराठी माणूस जेथे गणपती बसवील तेथे त्याला गाणारा लागणारच. त्या गाणाऱ्याची विचारपूस त्याच्या हयातीतच व्हावी. मागाहून वाहिलेली फुले त्याच्या उपयोगाची नाहीत.