चार टक्के भारतीयांचा वारसा

हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाची घडण ज्या जनुकावर अवलंबून असते, त्या ‘एमवायबीपीसी3’ जनुकातला 25 अक्षरांचा तुकडा सुमारे चार टक्के भारतीयांमध्ये गळालेला असतो. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेतील के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये हे मांडले. त्यांच्या अभ्यासात असा वारसा असलेल्यांना हृदयस्नायूचा विकार जडण्याची शक्यता सुमारे सातपट दिसली. हा बदल सुमारे 33 हजार वर्षे जुना असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. दक्षिण आशिया आणि आग्नेय आशियाचा काही भाग सोडला तर तो सहसा आढळत नाही. इतका जुना दोष टिकला, कारण त्याचा त्रास बहुधा उतारवयाकडे झुकताना सुरू होतो. तोवर तो पुढच्या पिढीत पोचलेला असतो.

गोष्ट इथे संपली नाही. 2018 आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसले की, तुकडा गळालेल्यांपैकी मोजक्याच लोकांत त्याच जनुकात आणखी एखादा दुर्मीळ बदल असतो आणि धोका मुख्यतः अशा सोबतच्या बदलाशी निगडित आहे. म्हणजे कोट्यवधी भारतीयांना सरसकट धोक्याच्या यादीत बसवणे चूक ठरले असते. हा फरक कळायला दशक लागले, याचे एक कारण उघड आहे: जगातील जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचीच माहिती प्रामुख्याने आहे.

भारतात तर एका समाजाचे निष्कर्ष शेजारच्या समाजाला लागू होतीलच असे नाही. शतकानुशतके जातीतच लग्ने झाल्याने अनेक समूहांत ठरावीक दोष साठत गेले. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात एका विकराची (एन्झाइमची) कमतरता तुलनेने जास्त आढळते. अशा रुग्णाला भूल देताना वापरले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध शरीरातून लवकर उतरत नाही आणि श्वास अडकतो. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असेल, तर जीव वाचतो. या संशोधनाचे मोल असे रोकडे आहे.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली. हे स्वागतार्ह आहे, पण पुरेसे नाही. जनुकाची नोंद त्या व्यक्तीच्या पुढील अनेक वर्षांच्या आरोग्याशी ताडून पाहिल्याशिवाय धोका मोजता येत नाही. त्यासाठी दीर्घकाळचा पाठपुरावा आणि पैसा लागतो. जनुकीय चाचणीचा अहवाल समजावून सांगणारे प्रशिक्षित समुपदेशकही जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचायला हवेत.

शिवाय हा अहवाल विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडला तर काय? अमेरिकेने 2008 मध्येच आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली. आयुर्विमा मात्र तिथेही त्या कायद्याबाहेर राहिला. भारतात असा स्वतंत्र कायदाच नाही. खासगी प्रयोगशाळांच्या चाचण्या घरोघरी पोचण्याआधी संसदेने तो करावा आणि त्यात आयुर्विम्याचाही समावेश करावा.