रद्दीत घालण्याआधी

माळा आवरताना बुटाच्या खोक्यातून जुनी ट्रम्प कार्डं निघतात. लढाऊ विमानं, रणगाडे, पाणबुड्या. लगेच घरात दोन पक्ष पडतात. एकाला ती रद्दी वाटते, दुसऱ्याला लॉटरी.

लॉटरीवाल्यांना आधी सांगतो. जुनं म्हणजे महाग, हा समज सोडा. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीनं ‘डेझर्ट स्टॉर्म’ कार्डं काढली. ती अमाप छापली गेली, वर लोकांनी पुढेमागे भाव येईल म्हणून जपून ठेवली. आज तिथं न फोडलेली पाकिटंही किरकोळीत मिळतात. उलट १९३८ साली फिलाडेल्फियाच्या ‘गम इन्कॉर्पोरेटेड’नं च्युइंगमसोबत विकलेली ‘हॉरर्स ऑफ वॉर’ ही २८८ कार्डांची मालिका पोरांनी हाताळून हाताळून संपवली. म्हणून तिच्यातल्या धड उरलेल्या कार्डांना मोल आहे. तेव्हा गुंतवणूक म्हणून या वाटेला जाऊ नका.

रद्दीवाल्यांनो, खोकं ठेवा. रबरबँड मात्र आजच काढा, तो पावसाळ्यात चिकटून कार्डाची कड खातो. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. कोरड्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवलीत की झालं.

आणि मुलांसोबत खेळा. पत्ते सारखे वाटायचे, वरच्या कार्डाचा एक आकडा बोलायचा, ज्याचा मोठा त्यानं दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. नियम एवढाच, पण आकडा निवडण्यात डोकं लागतं. ‘ब्लॅकबर्ड’ हातात आलं की वेगच बोलायचा, आवाजाच्या तिप्पट वेगाचं विमान ते! पण शस्त्रांचा रकाना बोललात की गेलात, कारण ते टेहळणीचं विमान, त्यावर शस्त्रच नाही.

युद्धाची खेळणी मुलांना देऊच नयेत, असं काही पालक म्हणतात. मला ते पटत नाही. ‘हॉरर्स ऑफ वॉर’च्या पाठीवर शांततेचा उपदेश छापलेला असे आणि पुढच्या बाजूला रक्तबंबाळ चित्र. पोरं कोणती बाजू बघत असतील, सांगायला नको. उपदेश छापून भागत नाही, शेजारी बसून बोलावं लागतं. ट्रम्प कार्डावर वेग असतो, वजन असतं, पल्ला असतो. बॉम्ब जिथं पडला तिथल्या माणसांचा रकाना नसतो. खेळता खेळता मुलानं त्याबद्दल विचारलं, तर हातातला डाव थांबवा आणि विषय न बदलता उत्तर द्या.