रंगविलेला मावळा आणि विकतचा मावळा

गेल्या दिवाळीत वडोदऱ्यातील मराठी वस्तीत मुलांच्या किल्ल्यांची एक स्पर्धा झाली. ती भरविणाऱ्या मंडळाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही; कारण दोष एका मंडळाचा नव्हे, आपणां सर्वांचा आहे. पहिले बक्षीस मिळाले ते थर्माकोलच्या एका तयार किल्ल्याला. त्यावरील सारे मावळे दुकानातले, एकाच साच्यातून निघालेले, एकाच गुलाबी चेहऱ्याचे. शेजारीच एका दहा वर्षांच्या मुलाने दगड-विटा रचून, त्यांवर किंतान पसरून, माती लिंपून आणि अळीव पेरून गड उभारला होता. त्याने स्वतः रंगविलेल्या तानाजीच्या मिशा ओघळल्या होत्या. पण डाव्या हातावर तांबडा शेला गुंडाळलेला होता. “ढाल कोठे आहे?” परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी विचारले. मुलगा म्हणाला, “ढाल तुटली ना, काका!” त्यावर ‘रंगकाम अस्वच्छ’ असा शेरा लिहून परीक्षक पुढे गेले.

वाचकहो, त्या मुलाचे बरोबर होते. सिंहगडावर तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली, ही हकीकत सभासदाच्या बखरीत आहे. ज्याने बखर ऐकली त्याला बक्षीस नाही, आणि ज्याच्या वडिलांनी पैसे मोजले त्याला मात्र आहे, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, हा पोरखेळ. याचा एवढा बाऊ कशाला? बाऊ अशासाठी, की वडोदऱ्यातील आमची पुष्कळ मुले आज गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी पुस्तकाशी त्यांची गाठ पडावी असे प्रसंग वर्षातून मोजकेच येतात, आणि किल्ला हा त्यांतला एक आहे. मात्र ही गाठ विकतच्या चित्राने पडत नाही. कोरे चित्र हाती घेतले की प्रश्न सुरू होतात. अंगरखा कोणत्या रंगाचा? बाजीप्रभूंच्या हाती तलवार की दांडपट्टा? पट्टा असेल तर कोपरापर्यंत पोलादी खोळ रंगवावयास हवी. प्रथम पांढरे अस्तर द्यावे, ते वाळू द्यावे, मग पातळ रंगाचे दोन हात द्यावेत आणि डोळे सर्वांत शेवटी काढावेत. एवढ्या अवधीत आजी निम्मी बखर सांगून होते! तयार चित्र प्रश्नच विचारीत नाही. ते पिशवीतून निघते आणि आठ दिवसांनी पिशवीत जाते.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, किल्ल्यावरचा तानाजी हा इतिहासातला नव्हे, शाहिरांचा आणि कादंबरीकारांचा आहे. घोरपड पोवाड्यातली, आणि सिंहगड हे नाव तर त्या लढाईपूर्वीच्या पत्रांतही आढळते. सगळे मान्य! पण म्हणून तो टाकाऊ कसा? युरोपात प्रौढ माणसे शिशा-कथिलाचे बोटभर वीर जमवितात आणि भिंगाखाली रंगवितात. इंग्लंडात तर या छंदाची मंडळी १९३५ सालापासून संघटित आहेत. त्यांच्या आवडत्या वीरांत अलेक्झांडर द्यूमाच्या १८४४ सालच्या कादंबरीतला दार्तान्या असतो. हा दार्तान्या खरोखरीचा सैनिक. १६७३ साली मास्ट्रिख्टच्या वेढ्यात पडला. आमचा तानाजी त्याच्या तीनच वर्षे आधी, १६७० च्या फेब्रुवारीत पडला. एकाला द्यूमा भेटला, दुसऱ्याला हरिभाऊ आपटे. दोघेही कादंबरीच्या वाटेने घरोघर पोचले. दार्तान्याच्या टोपीवरील पिसाच्या रंगासाठी तिकडचे लोक रात्री जागवितात, आणि आपण तानाजीच्या शेल्यासाठी एका मुलाचे गुण कापतो!

हे वडोदऱ्यात घडावे याचे दुःख अधिक. याच शहरात गो. स. सरदेसाई यांनी सयाजीराव महाराजांच्या सेवेत राहून ‘रियासती’चे काम आरंभिले. येथेच १८९० साली कलाभवन निघाले आणि दादासाहेब फाळक्यांनी तेथे चित्रकलेचे धडे घेतले. इतिहास आणि कुंचला ही दोन्ही या गावची मिरास. तरीही येथील किल्ल्यांवर पिलाजीराव गायकवाड का दिसत नाहीत? सोनगडावर ठाणे देऊन त्यांनी गुजरातेत मराठ्यांचा पाय रोवला. १७३२ साली डाकोर येथे त्यांचा दग्याने खून झाला. त्यानंतर गुजरातेवर फौज घेऊन चालून आलेल्या उमाबाई दाभाडे कोठे आहेत? ज्यांच्या अमदानीत १७३४ साली वडोदरे गायकवाडांच्या हाती आले ते दमाजीराव कोठे आहेत? बाजारात त्यांचे साचे नाहीत, एवढेच कारण! म्हणजे आपण कोणाचे स्मरण करावे हे आता साचेवाला ठरविणार. हाताने घडविणाऱ्या आणि रंगविणाऱ्याला ही अडचण नाही; एका मावळ्याला पागोटे बदलून त्याचा पिलाजी करता येतो.

आमच्या गोमंतकीय वाचकांना हे दुखणे नवे वाटणार नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळावयाचा नरकासुर पूर्वी वाड्यावरची मुले गवत, कागद आणि काठ्यांनी रचीत. पुढे बक्षिसे आली, विकतचे मुखवटे आले, असुर वाढत गेला, आणि कृष्ण कोठे आहे हे शोधावे लागू लागले.

आपण देवळाशी बांधलेली माणसे आहोत. कारागिराने मूर्ती कितीही सुबक केली तरी प्रतिष्ठेवाचून ती देव होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. मावळा ही काही पूजेची मूर्ती नव्हे. पण त्यातही जीव घालावा लागतो, आणि तो घालण्याचे मुलापाशी एकच साधन आहे: त्याचा हात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपापल्या मंदिरांच्या सभागृहांत ज्या स्पर्धा होतात त्यांत तयार रंगविलेल्या चित्रांना गुण देऊ नयेत. दसरा झाला की मुलांना कोरी मातीची चित्रे आणि चार रंग वाटावेत. प्रत्येक मुलाने किल्ल्यावरील एका तरी वीराची कथा परीक्षकांना मराठीत किंवा कोंकणीत सांगावी. दिवाळीनंतर माती कुंडीत जावी, पण चित्रे जपून ठेवावीत. टवके उडालेला, दोनदा रंगविलेला मावळा हाच खरा संग्रह. आणि परीक्षकांनी, एवढी कृपा करावी, सभासदाची बखर एकदा वाचून यावे. नाही तर पुढच्या वर्षी तो मुलगाही दुकानात जाईल, आणि ढाल का तुटली हे सांगणारे कोणी उरणार नाही.