सकाळी ट्रॅक, दिवसभर खुर्ची

पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर किंवा कृषीनगरला चार फेऱ्या मारल्या की दिवसभर बसायला मोकळे, हा समज नाशिकच्या नोकरदारांत पक्का रुजला आहे. तब्येत ज्याची त्याने सांभाळायची, ऑफिसने फक्त टेबल-खुर्ची द्यायची, हे त्यात गृहीतच असते. मला हा समज चुकीचा वाटतो आणि अन्यायाचाही.

या समजाच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, तो टाळून चालणार नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रोज 60 ते 75 मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांत, बसून राहिल्याने वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ दिसेनासा होतो, असे त्यात आढळले. मान्य. पण रोज सव्वा तास भराभर चालणारे आपल्यात किती? सिन्नरहून किंवा ओझरहून रोज ये-जा करणारी, घरच्यांचे डबे भरून बस गाठणारी बाई हा सव्वा तास आणणार कुठून? शिवाय त्या अभ्यासाने मोजले ते मृत्यू. आखडलेली मान, धरलेली कंबर, संध्याकाळी जड झालेले पाय त्या हिशेबात नव्हते.

‘मनात आणले तर वेळ निघतो’ म्हणणारे लगेच महाजन बंधूंचे नाव घेतात. डॉक्टरकी सांभाळून या दोघा भावांनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. नाशिककर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण अपवादाचा नियम करून तो सगळ्यांच्या गळ्यात मारू नये.

जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी 1953 साली लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक पाळीभर बसून, वाहक तिकिटांसाठी सतत जिना चढत-उतरत. वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा व सौम्य. चालक मुळातच स्थूल असतील, अशी शंका निघाली. पुढे गणवेशांची मापे धरून तपासले, तर सारख्या अंगलटीच्या माणसांतही फरक उरलाच. वाहकांची ही हालचाल पहाटे उठून करायचा व्यायाम नव्हती. ती त्यांच्या कामातच होती.

आता आपल्याकडचे कुठलेही ऑफिस बघा. फाइल शिपाई नेतो, पाणी शिपाई आणतो, चहा टेबलावर येतो. कारकून लंडनच्या चालकासारखा जागेवरच. ई-ऑफिस आल्यापासून शेजारच्या टेबलापर्यंत जाण्याचेही कारण उरले नाही. डबासुद्धा कीबोर्ड सरकवून तिथेच उघडतो. बसल्या जागी मांड्यांचे मोठे स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे जेवणानंतरची साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. पोटऱ्या हलल्या नाहीत की पायांतले रक्त वर चढायला अडते. अधूनमधून दोन-दोन मिनिटे चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसले आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम मोजत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली ती अट काढून टाकली. दोन जिने चढलात, तेही जमेला धरले जाते. उभ्याने काम करायचे महागडे टेबल हा मात्र उपाय नव्हे. तासन्‌तास एका जागी उभे राहिल्यानेही पाय सुजतात.

‘माणसे उठली की गप्पा छाटतील, काम खोळंबेल’ ही साहेब लोकांची भीती. पण दुपारी तीननंतर आकड्यांवरून नुसतीच नजर फिरते आणि तीच बेरीज दोनदा करावी लागते, हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे. तो वेळ कुणी मोजत नाही, उठलेली दोन मिनिटे तेवढी मोजली जातात.

म्हणून मागणी विभागप्रमुखांकडे आहे. पाण्याचे पिंप खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. दहा मिनिटांची बैठक उभ्यानेच उरका. दुसऱ्या मजल्यापर्यंतची लिफ्ट गुडघेदुखी, गरोदरपण, अपंगत्व असणाऱ्यांसाठी राखून ठेवा. डबा टेबलावर नको, त्यासाठी वेगळी जागा द्या. आणि अर्ध्या तासाने एखादी खुर्ची दोन मिनिटे रिकामी दिसली, तर ‘कुठे गेले हे?’ असे विचारू नका.