वारा कमी म्हणजे गॅस कमी नव्हे!

गाडीचा एसी नीट चालेना झाला की आपल्याकडे एकच निदान ठरलेलं असतं. "गॅस संपला असेल, भरून घ्या." सांगणारा मेकॅनिक असो, शेजारचे काका असोत नाहीतर ऑफिसातला एखादा सर्वज्ञ, वाक्य तेच! माझं मत वेगळं आहे आणि जरा ठामच आहे. वारा जोरात येतोय पण गार नाही, तर गॅसवर खुशाल संशय घ्या. पण वाराच कमी येतोय आणि समोरचा थेट गॅसचा पाइप जोडायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवा.

कारण सोपं आहे. आपण ज्याला एसी म्हणतो त्या खरं तर दोन वेगळ्या सिस्टिम्स आहेत. पहिली थंडावा तयार करते. त्यात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि त्यांच्यातून फिरणारा गॅस आला. दुसरी फक्त हवा ढकलते. त्यात फिल्टर, ब्लोअर आणि डॅशबोर्डमागचे डक्ट आले. दोघींची गाठ पडते ती कूलिंग कॉइलवर. वारा ढकलणं हे गॅसचं कामच नाही, ते ब्लोअरचं. आमच्या भाषेत सांगायचं तर नेटवर्क न तपासता डेटाबेस सर्व्हर बदलण्यातला हा प्रकार आहे. बिल येतं, बग तिथेच राहतो :)

रोह्याला लागून वरसे आहे. माझा मामेभाऊ तिथे राहतो, नोकरी धाटावच्या एमआयडीसीत, गाडी अंगणात आंब्याखाली. उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "दादा, वर्षात दुसऱ्यांदा गॅस भरला रे, तरी मागे आईपर्यंत वारा पोचत नाही." म्हटलं, ग्लोव्ह बॉक्स काढ, मागचा केबिन फिल्टर बाहेर ओढ आणि ब्लोअर फुल करून बघ. दोन मिनिटांत पठ्ठ्या ओरडला, "अरे, मामीचा पदर उडतोय म्हण!" फिल्टरवर राखाडी गादी झाली होती, वर आंब्याच्या पानांचा चुरा. तिकडे हे व्हायचंच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. पेण, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्याच्या फिल्टरने किती धूळ खाल्ली असेल त्याचा विचार करा. नव्या फिल्टरला काहीशे रुपये लागले. दोनदा भरलेल्या गॅसचे पैसे अर्थातच परत आले नाहीत.

तर डीबगिंगचा क्रम असा. आधी फिल्टर काढून वारा वाढतो का बघा. वाढला तर उत्तर मिळालं. कागदी फिल्टर धुवून परत बसवू नका, नवा घ्या, आणि बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. फिल्टरशिवाय गाडी चालवायची नाही, नाहीतर सगळी धूळ थेट ओल्या कॉइलवर जाऊन बसते. (काही जुन्या, स्वस्त मॉडेलांत फिल्टर मुळात नसतोच. तिथे कॉइल साफ करणं हाच उपाय.) साध्या नॉबच्या गाडीत ब्लोअर फक्त फुल स्पीडला चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलाय. वारा एकाच बाजूला कमी असेल तर आतली एखादी फडकी अडकलेली असू शकते.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. सुरुवातीला वारा छान, अर्ध्या-पाऊण तासाने मंद, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा छान, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. त्यामागे बिघडलेला सेन्सर किंवा तुंबलेला फिल्टर असतो, आणि कधीकधी खरंच कमी झालेला गॅसही. पण तेव्हासुद्धा "भरा" म्हणण्याआधी "गेला कुठे?" हे विचारा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद सर्किट आहे ते. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण सहा महिन्यांत संपला तर लीक आहे, आणि लीक न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

यात फक्त खिशाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए हा गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो आर-134ए हवेत सुटला तर तो साधारण 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. छोट्या गाडीतला 400 ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे जवळपास 250 लिटर पेट्रोल जाळणं! असे गॅस कमी करण्याचा किगाली करार 2016 ला झाला, भारताने 2021 ला त्याला मान्यता दिली. जुना गॅस मशीनमध्ये परत ओढून घेणारी गॅरेजं आहेत. तशी नसलेल्या ठिकाणी तो सरळ फुस्स करून सोडला जातो, तोही गरज नसताना.

आणि दुसरी गोष्ट जिवाची. जुलैत सुकेळी खिंडीत किंवा ताम्हिणीत काच आतून धुरकट होते, तेव्हा एसीच ती साफ करतो, कारण तो हवेतली ओल काढतो. पण ती कोरडी हवा काचेपर्यंत जोरात पोचली तर ना! वारा मंद असेल तर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं, समोरून ट्रक. म्हणून फिल्टर बदलायचाच असेल तर तो मे अखेर बदला.

मेकॅनिक सगळे लबाड असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपणच "एसी कमी मारतोय" एवढं मोघम सांगून चावी देतो, मग तो सगळ्यांत सोपं काम करतो. चांगला बग रिपोर्ट द्यायला इंजिनिअर असावं लागत नाही. वारा कमी की थंडावा कमी, एवढं एक वाक्य नीट सांगितलंत तरी अर्धं काम झालं.