आधी जोड तोडून बघा, मशीन नंतर घ्या

ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला, नायलॉन-६ साधारण २२० ला. दोन्ही एकत्र वितळवून जोडणं जमणार कसं? घर्षण पद्धतीत फिरतं टूल वरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दाबतात. त्या उष्णतेने खालचं नायलॉन फक्त सांध्यापाशी वितळतं आणि थंड होताना पत्र्याला धरून बसतं. स्क्रू नको, गोंद नको. पण पॉलिप्रॉपिलीन असं सहज चिकटत नाही!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. व्हिडिओ बघून, अगदी आमचासुद्धा, कर्ज काढू नका. ओळखीच्या वर्कशॉपमधल्या मिलिंग मशीनवर ग्राहकाच्याच मटेरियलचे १० नमुने जोडा. ओढून तोडा, किती भाराला तुटले ते लिहून ठेवा. दहाही ग्राहकाच्या गरजेत बसले आणि ऑर्डर लेखी मिळाली, तरच मशीनचं कोटेशन मागवा.