भेटायचे कोठे, हे आधी ठरू द्या

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला सारे हॅम रेडिओ म्हणतात, तो विषय कला शाखेच्या वार्षिकांकात कशाला, असे कोणी विचारील. मला तर हा विषय यंत्राचा कमी आणि माणसांच्या आपसातील ठरावाचा अधिक वाटतो.

आठवडी बाजाराचे आमंत्रण कोणी देत नाही. वार ठरलेला, जागा ठरलेली. म्हणून शेळी विकणारा आणि घेणारा ओळखपाळख नसताना भेटतात. रेडिओवरही अशी जागा लागते. तिला कॉलिंग फ्रिक्वेन्सी म्हणतात. आपण हाकेची जागा म्हणू.

बोलण्याच्या रेडिओत थोडी चूक खपते. बटण फिरवता फिरवता शब्द कानी पडला, की माणूस थांबतो. डिजिटल पद्धतीत संगणक अक्षरांचे सूर करून पाठवतो. कानाला नुसती शिट्टी ऐकू येते. पलीकडे तीच पद्धत चालू नसेल तर सारे व्यर्थ. शिवाय ४० मीटरच्या पट्ट्यात बोलणारे 'खालची' बाजूपट्टी वापरतात आणि डिजिटलवाले 'वरची'. एकाने ही, दुसऱ्याने ती लावली, तर आकडा एकच असूनही भेट होत नाही!

२०१७ साली आलेली एफटी८ ही पद्धत आज जगभर चालते. तिच्या दोन कर्त्यांपैकी जो टेलर हे १९९३ चे नोबेल मानकरी. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, घड्याळे जुळलेली, आणि ७.०७४ किंवा १४.०७४ मेगाहर्ट्झ हे आकडे प्रोग्रॅममध्ये आयतेच भरलेले. सरकार पट्टा नेमून देते. त्यातली हाकेची जागा ठरते ती वहिवाटीने. पण आयत्या यादीमुळे पडलेल्या सवयीला मी ठराव म्हणणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओचालक संदेशवहनाला धावून आले होते. आज हातोहाती मोबाइल आहे, हे खरे. परंतु सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने काय पाहिले, ते सांगायला नको. वीज गेली, की टॉवरची बॅटरी किती तास पुरणार? आणि एफटी८ मध्ये मनचा मजकूर एका वेळी तेरा अक्षरांचा, तोही रोमन लिपीत. 'पाणी नाही, औषध पाठवा' एवढेही त्यात मावत नाही.

म्हणून माझे मत असे, की महाराष्ट्रातील हॅम मंडळींनी जेएस८ ही पद्धत हाकेसाठी धरावी. २०१८ ची ही पद्धत एफटी८ वरच उभी आहे, पण तीत लांब मजकूर लिहिता येतो. तिची रूढ जागा ७.०७८ मेगाहर्ट्झ. दिवसा हा पट्टा बीडहून पुण्या-मुंबईपर्यंत पोचायला सोयीचा.

यावर म्हणतील, एकाच जागी गर्दी होईल, हौसेला वेसण बसेल. पण हाक तेथे द्यावी आणि गप्पा बाजूला जाऊन माराव्यात, इतके साधे आहे. परवान्याच्या परीक्षेला न बसलेल्या मुलाने हे सांगावे का, हा प्रश्न रास्त आहे. पण पुरात अडकणाऱ्यांत परवाना नसलेलेच जास्त असतात.

वार, तास, आकडा, पद्धत, वरची बाजूपट्टी: सारा मजकूर एका पोस्टकार्डावर मावेल. तो क्लबांनी एकत्र बसून मराठीत लिहावा, तहसील कचेरीत आणि महाविद्यालयाच्या फलकावर लावावा, आणि आठवड्यातून एकदा त्याच तासाला हाक देऊन पाहावी. पहिली प्रत आमच्या फलकावर लावायला मी तयार आहे.